खाऱ्या पाण्यातील बालसंगोपन

समुद्रघोड्याचा नर प्रसवतो, ही गोष्ट क्रमिक पुस्तकात वाचून आपण सहज पुढे सरकतो. परंतु ती प्रसूती काचेच्या पेटीशी बसून ज्याने समक्ष पाहिली आहे, त्याच्या मनातून ती सहसा जात नाही. रात्र सरत आलेली असते. नराने शेपटीचा विळखा समुद्री गवताच्या पात्याभोवती घट्ट आवळलेला असतो. श्वास जलद झालेला, पोटाखालची पिशवी ताणून तिची त्वचा तुकतुकीत झालेली. आणि मग सारा देह पुढे-मागे वाकवीत, एकेका कळेसरशी, तो पिशवीच्या मुखातून आपली संतती पाण्यात लोटू लागतो, कधी एकच पिलू, कधी त्यांचा अख्खा पुंजका. प्रत्येक पिलू सेंटिमीटरभर लांबीचे, पण अवयवांच्या दृष्टीने परिपूर्ण: तेच लांबट तोंड, तीच कड्याकड्यांची अस्थिमय कवचे, तीच गुंडाळणारी शेपटी. जन्मल्या क्षणापासून ते स्वतंत्र असते, आणि त्याच क्षणापासून ते निराधारही असते.

या निराधारपणाचे मर्म कळावयाचे तर त्यापूर्वीच्या काळजीचे स्वरूप पाहिले पाहिजे. मादी आपली अंडी नराच्या पिशवीत ठेवते, तो विधी अवघ्या काही सेकंदांत उरकतो. परंतु त्यानंतर दोन ते चार आठवडे, जात आणि पाण्याचे तापमान यांप्रमाणे मुदत कमी-अधिक होऊन, नराचे शरीर त्या अंड्यांचा सर्व योगक्षेम चालविते. पिशवीच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, गर्भांना प्राणवायू मिळतो, आतील द्रवाची क्षारता हळूहळू बाहेरच्या समुद्राशी जुळविली जाते, पोषणाचीही काही तजवीज होते. मादी या अवधीत नित्य सकाळी नराच्या भेटीस येते. दोघांचे रंग उजळतात, एकाच काडीभोवती ती फेर धरतात आणि पुन्हा आपापल्या जागी जातात. सिडनीच्या किनाऱ्यावरील जातीचे हे भेटीगाठींचे वर्तन कॅनडातील शास्त्रज्ञ अमांडा व्हिन्सेंट यांनी पाण्याखाली तासन्‌तास थांबून नोंदविले, आणि समुद्रघोड्यांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यातूनच घातला गेला. इतकी जपणूक, आणि प्रसूती होताच तिचा संपूर्ण लोप! पिता पुन्हा पिलांकडे वळून पाहत नाही. थोड्याच अवधीत तो नवी अंडी स्वीकारण्यास सिद्ध होतो. समुद्रात जन्मलेल्या हजार पिलांपैकी पाचसुद्धा प्रौढ वयास पोचत नसावीत, असा जाणकारांचा अंदाज आहे. निसर्गाने संख्येच्या बळावर हा हिशेब जुळवून ठेवला आहे. परंतु ज्याच्या घरच्या पेटीत एका पहाटे तीन-चारशे पिले अवतरतात, त्याला तो हिशेब मान्य करवत नाही, आणि पित्याने जेथे काम थांबविले तेथून ते त्याच्या अंगावर येते.

हे काम कोणत्या प्रकारचे असते ते मला अमेरिकेतील फ्लॉरिडा संस्थानात, टॅम्पा उपसागराच्या काठी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी निवांतपणे पाहता आले. त्या उपसागराच्या उथळ गवताळ तळावर समुद्रघोड्यांच्या दोन जाती नांदतात: एक वीतभर लांबीची, अंगावर रेघा असलेली हिप्पोकॅम्पस इरेक्टस, आणि दुसरी बोटाच्या पेराएवढी, हिप्पोकॅम्पस झोस्टेरी. बाईंच्या पेट्यांतील प्राणी मात्र समुद्रातून धरलेले नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जन्मलेल्या कुळातले होते, आणि ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच भेटीत आवर्जून सांगितली. घराच्या मागील अंगास धुण्याच्या यंत्राला लागून असलेली एक अरुंद खोली त्यांनी या कामी लावलेली होती. त्या खोलीत शिरल्यावर समुद्रघोडे शोधू जाता दृष्टीस प्रथम पडल्या त्या उलट्या टांगलेल्या, खळखळ बुडबुडे सोडणाऱ्या नारिंगी पाण्याच्या बाटल्या, हिरव्या पाण्याच्या बरण्या, बारीक जाळीच्या चाळण्या आणि भिंतीवर लटकविलेली एक नोंदवही. पिलांची पेटी सर्वांत कोपऱ्यात होती. खोलीतील जागेची ही वाटणी मला अत्यंत बोलकी वाटली. कारण समुद्रघोड्याची पिले वाढविणे म्हणजे मुख्यतः त्यांचे अन्न वाढविणे होय, आणि हे सत्य ज्याला प्रारंभीच उमगले नाही त्याच्या हाती सहसा काही उरत नाही.

याच प्रांताने त्या अज्ञानाचे फळ मोठ्या प्रमाणावर पाहिलेले आहे. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मुलांच्या चित्रकथांच्या मासिकांतून जिवंत समुद्रघोड्यांच्या जाहिराती झळकत; पैसे पाठवावे आणि फ्लॉरिडाहून टपालाने बुटक्या जातीची जोडी घरी यावी, अशी ती योजना होती. मुलांचा आनंद खरा होता यात संशय नाही. पण सामान्य माशांच्या कोरड्या खाद्यास तोंडही न लावणारा हा प्राणी त्या घरांतून उपाशी मरत असे. टपालाने प्राणी पोचविता येत होता. त्याचा समुद्र पोचविता येत नव्हता.

समुद्रघोड्याला जठर नाही आणि दातही नाहीत. अन्न आखूड आतड्यातून झपाट्याने पुढे जाते, साठवण अशी कोठेच होत नाही, आणि म्हणून त्याला, विशेषतः पिलाला, दिवसभर थोडेथोडे खात राहावे लागते. शिवाय ते अन्न हलते असावे लागते. कारण पिलू प्रथम एका डोळ्याने, मग दोन्ही डोळ्यांनी भक्ष्याकडे रोखून पाहते, मान वाकविते, हळूहळू तोंड जवळ नेते आणि मग एका निमिषात ते भक्ष्य नळीसारख्या मुखात ओढून घेते. या झडपेचा वेग थक्क करणारा आहे. मान खाली घालताना ताणलेल्या स्नायुबंधांत शक्ती साठविली जाते आणि ती एकदम मोकळी होऊन डोके वर उसळते. बुटक्या जातीत हे सारे एका मिलिसेकंदाच्या आत घडते. टेक्सास विद्यापीठातील ब्रॅड गेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली असे दाखविले की समुद्रघोड्याच्या डोक्याची घडणच अशी आहे की, तुंडाच्या टोकाजवळचे पाणी जवळजवळ अक्षुब्ध राहते. याचे भक्ष्य म्हणजे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव. पाण्यातील यत्किंचित हालचाल जाणवताच दूर उडी घेणाऱ्या जीवांत त्यांचा क्रमांक फार वरचा लागतो. अशा सावध प्राण्यालाही चाहूल न लागू देता समुद्रघोडा त्याच्यापाशी पोचतो आणि दहांपैकी सुमारे नऊ वेळा यशस्वी होतो. पोहण्यात मत्स्यजातीत अत्यंत मंद गणला गेलेला हा जीव शिकारीत इतका निपुण आहे, याचे मला आजही कौतुक वाटते. पेटीशी कान लावला तर मोठ्या प्राण्यांच्या झडपेचा बारीक टिचकीसारखा आवाजही ऐकू येतो.

कोपेपॉड घरी पुरेशा संख्येने वाढविणे कष्टाचे, म्हणून घरगुती संगोपनाचा मुख्य भार दुसऱ्याच एका जीवावर पडतो. तो जीव म्हणजे आर्टेमिया, अतिखारट सरोवरांत आणि मिठागरांत राहणारा कोळंबीचा दूरचा आप्त. सरोवर आटू लागले, ऋतू प्रतिकूल झाला, की त्याची मादी कठीण कवचाची अंडी घालते. ती वर्षानुवर्षे कोरडी, निश्चेष्ट राहतात आणि खारे पाणी मिळताच जागी होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील अॅल्विन सील यांनी १९३३ साली आणि नॉर्वेच्या गुन्नार रोलेफ्सेन यांनी १९३९ साली या अंड्यांतून निघणारी डिंभके माशांच्या पिलांना मानवतात असे दाखवून दिले, आणि सागरी मत्स्यपालनाचा जणू कोठारदरवाजा उघडला. आज जगाच्या बाजारात येणाऱ्या या अंड्यांचा मोठा वाटा यूटा संस्थानातील ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. तपकिरी भुकटीसारख्या दिसणाऱ्या त्या अंड्यांच्या एका ग्रॅममध्ये दोन ते तीन लक्ष जीव झोपलेले असतात.

बाईंचा दिवस या झोपलेल्या जीवांना उठविण्यापासून सुरू होत असे. तळाशी निमुळत्या होत गेलेल्या बाटलीत खारे पाणी घ्यावयाचे, ते २६ ते २८ अंश सेल्सिअसवर ठेवावयाचे, खालून हवेचा जोर इतका द्यावयाचा की एकही अंडे तळाशी बसू नये, आणि वर दिवा लावून ठेवावयाचा. सुमारे एका अहोरात्रात पाण्याला नारिंगी छटा येते. अंड्यांची रिकामी टरफले पिलांच्या आतड्यात अडकण्याचे भय असते, म्हणून त्या अंडी भिजवून विरंजक द्रावणात काही मिनिटे घालीत आणि कवच पूर्ण विरघळल्यावर ती धुऊन मगच उबवीत. हवा बंद केली की जिवंत डिंभके उजेडाकडे धावतात, न फुटलेली अंडी खाली बसतात. या स्वभावाचाच उपयोग करून ती निराळी काढावयाची, बारीक चाळणीत घेऊन गोड्या पाण्याने धुवावयाची, आणि पिलांना वाढावयाची. हे सारे ऐकताना सोपे वाटते. पण यात एक गोम आहे, आणि पुष्कळांची पिले आठवडा-दोन आठवडे खाऊनपिऊन व्यवस्थित वाढत असताना एकाएकी मरू लागतात, ती याच गोमेमुळे.

नुकतेच फुटलेले आर्टेमियाचे डिंभक स्वतःच्या पिवळ्या बलकावर जगते. त्याचे तोंड अजून उघडलेले नसते. जसजसे तास जातात तसतसा तो बलक संपतो आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने ते डिंभक निःसत्त्व होत जाते. त्यातही समुद्रातील पिलांच्या मेंदूला, डोळ्यांना आणि मज्जासंस्थेला अत्यावश्यक असलेले डीएचए नावाचे स्निग्धाम्ल आर्टेमियात मुळातच नगण्य असते; कोपेपॉडात ते विपुल असते, कारण तो समुद्रातील शैवाल खाऊन वाढलेला असतो. खाऱ्या सरोवरातील अन्नावर समुद्राचे बालक वाढवावयाचे तर ही उणीव माणसाने भरून काढली पाहिजे. म्हणून डिंभकाने पहिली कात टाकली आणि त्याचे तोंड उघडले, की त्याला शैवालाच्या किंवा माशाच्या तेलाच्या सूक्ष्म थेंबांनी गढूळ केलेल्या पाण्यात आणखी बारा-एक तास ठेवतात. ते जे जे लहान कण सापडतील ते गिळते. त्याचे पोट त्या पोषक द्रव्याने भरते, आणि मग ते पिलाच्या मुखी जाते. म्हणजे पिलाला जेऊ घालण्यापूर्वी त्याच्या अन्नाला जेऊ घालावयाचे! बाईंच्या हिरव्या बरण्यांत शैवाल होते, त्याच्यावर रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आणि कोपेपॉड वाढत होते, दुसऱ्या रांगेत आजचे, उद्याचे आणि परवाचे आर्टेमिया होते. एकाचे आटोपण्यापूर्वी दुसऱ्याची तयारी, आणि या साखळीत एक दिवसाचा खंड पडला तरी तो पिलांच्या जिवावर बेतावयाचा. दिवसातून पाच-सहा वेळा वाढप, प्रत्येक वाढपानंतर तळ रबरी नळीने साफ करणे, पाणी बदलणे, क्षारता आणि अमोनिया तपासून नोंदवहीत घालणे; प्रवासाला जाणे, आजारी पडणे या गोष्टींना त्या वेळापत्रकात जागा नाही. ज्यांना हा बंदोबस्त आधी करता येत नाही त्यांनी गर्भवती नर घरी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

अन्नाइतकीच पेटीची रचनाही पिलांच्या जन्मस्वभावाशी जुळवावी लागते. जन्मल्यावर पिलू पृष्ठभागी येऊन हवेचा एक घोट घेते आणि त्याने आपला वाताशय भरते, येथवर ते आवश्यकच आहे. परंतु पिले उजेडाकडे ओढली जातात, वरच्या दिव्याखाली पृष्ठभागी गर्दी करतात, तेथे तरंगणाऱ्या अन्नावर झडप घालताना पुनःपुन्हा हवा गिळतात आणि मग पोट फुगून बुचासारखी तरंगू लागतात. खाली येता येत नाही, खाता येत नाही, आणि अंत ठरलेला असतो. पृष्ठभागी तेलकट साय जमली तर उलट अनर्थ होतो. पहिला घोटच मिळत नाही. वुल्फ ग्रेव्ह या जर्मन संशोधकाने नाजूक प्लवकांसाठी १९६८ च्या सुमारास गोलाकार प्रवाहाची पेटी योजिली होती. तिचीच साधी रूपे आता समुद्रघोड्यांच्या बालगृहांत वापरतात. पाणी मंदगतीने चक्राकार फिरत राहते, पिले व अन्न दोन्ही मधल्या थरात तरंगत राहतात, पृष्ठभागावरील साय सतत काढली जाते, आणि पेटीच्या बाजू काळ्या कागदाने झाकून उजेड एकाच दिशेने सोडतात, म्हणजे काचेतील प्रतिबिंबांमागे धावून पिले आपली शक्ती व्यर्थ दवडीत नाहीत.

शत्रू बहुधा अन्नाबरोबरच आत येतात. हायड्रॉइड हा जेलीफिशच्या कुळातला, धाग्यासारखा जीव जिवंत खाद्यातून नकळत पेटीत रुजतो आणि त्याच्या दंशपेशी एवढ्याशा पिलाला पुरेशा असतात. व्हिब्रिओ जातीचे जंतू ऊबदार आणि सेंद्रिय मळाने भरलेल्या पाण्यात झपाट्याने वाढतात. म्हणूनच इरेक्टस पाळणारे अनुभवी लोक पाणी २४ अंशांच्या वर जाऊ न देण्याची दक्षता घेतात. सर्व पिले वाचविण्याची आशा कोणी बाळगीत नाही. बाईंच्या नोंदवहीत मृतांचा रकाना दररोज भरलेला होता, आणि तो भरताना त्यांचा हात आजही अडखळतो, असे त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी, जातीप्रमाणे लवकर वा उशिरा, पिलाच्या शेपटीला आधाराची ओढ लागते. इरेक्टसची पिले लवकरच काहीतरी पकडू पाहतात. आधार जवळ नसेल तर ती एकमेकांची शेपटी, मान, तोंड जे सापडेल ते पकडतात आणि त्या गुंत्यात दमून जातात. मग पेटीत नायलॉनची जाळी किंवा कृत्रिम गवत सोडावयाचे. या टप्प्यावर पाळणाऱ्याला पहिल्यांदा जरा उसंत मिळते, आणि लगेच दुसरा प्रश्न पुढे येतो: जिवंत अन्नावरून गोठविलेल्या अन्नावर पिलांना आणावयाचे कसे? प्रवाहात सोडलेले बारीक गोठविलेले कोपेपॉड हलतात म्हणून जिवंत भासतात. त्यांची सवय झाली की चिरलेली, मग अखंड मायसिस कोळंबी. पुष्कळांकडे येणारी ही मायसिस कॅनडाच्या ओकानागन सरोवरातून पकडलेली असते. ज्या पिलाने गोठविलेले अन्न आपण होऊन उचलले ते मार्गी लागले असे समजतात. तीन-चार महिन्यांनी नरांच्या पोटाखाली पिशवीची रेषा दिसू लागते.

सर्व जातींना एकच माप लावता येत नाही. कॅरिबियन समुद्रातील लांबतोंड्या हिप्पोकॅम्पस रिडीची पिले संख्येने हजारावर जातात, पण ती इतकी लहान आणि इतकी दीर्घकाळ तरंगत राहणारी की आरंभी त्यांना रोटिफर आणि कोपेपॉडच पाहिजेत. युरोपातील एका जातीवर स्पेनच्या व्हिगो येथील सागरी संशोधन संस्थेत झालेल्या कामातून असे दिसले की नवजात पिले आर्टेमिया उत्साहाने खातात, पण तो त्यांना नीट पचत नाही. याउलट टॅम्पाच्या बुटक्या जातीची पिले थोडी, आकाराने मातापित्यांच्या मानाने मोठी, आणि जन्मतःच शेपटीने काडी धरून बसणारी. नवशिक्याने हात घालावयाचा तर याच जातीत.

या कष्टांचे मोल घराच्या भिंतींपुरते नाही. जगातील एकवीस देशांच्या मच्छीमारीचा अभ्यास करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे जाळ्यांत सापडतात, आणि त्यांतील बहुसंख्य इतर मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यांत. वाळविलेला माल मुख्यत्वे चिनी पारंपरिक औषधांकडे जातो. अमांडा व्हिन्सेंट आणि हेदर कोल्डेवे यांनी १९९६ साली स्थापिलेल्या ‘प्रोजेक्ट सीहॉर्स’ने या व्यापाराचे स्वरूप जगापुढे मांडले, आणि सर्व जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येऊन त्याचा अंमल मे २००४ पासून सुरू झाला. हौशी पेट्यांसाठी होणारी पकड या एकूण संहारापुढे लहान असली तरी ती जिवंत प्रौढ जोड्यांची होती. बंदिवासातील पैदाशीचे तंत्र जसजसे साधले, तसतसे रानटी प्राणी पेटीत आणण्याचे कारणच उरले नाही. पुढे सिडनीत या विद्येचा याहून मोठा उपयोग झाला. तेथील व्हाइट्स सीहॉर्स ही जात संकटग्रस्त झाली तेव्हा न्यू साउथ वेल्सच्या मत्स्यखात्याने आणि सिडनी मत्स्यालयाने पिले वाढवून २०२० साली ती बंदराच्या पाण्यात सोडली, आणि शैवाल व स्पंज वाढून दाट व्हावेत अशा जाळीदार लोखंडी चौकटी त्यांच्यासाठी आधी तळावर उभ्या केल्या. मत्स्यालयाच्या टाक्यांतही पिलांना खाऊ घालण्याचा प्रश्न तोच होता, आणि उत्तरही तेच.

आपल्याकडे या छंदाला कायद्याने वाव नाही, आणि तो नसणे मला योग्य वाटते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रघोड्यांचा आणि त्यांच्या कुळातील नळीमाशांचा समावेश झाला. तत्पूर्वी तमिळनाडूच्या पाल्कची सामुद्रधुनी व मन्नारचे आखात या भागातून वाळविलेले समुद्रघोडे निर्यात होत. आता सनदशीर परवानगीवाचून हा प्राणी पकडणे, विकणे वा घरी बाळगणे गुन्हा आहे, आणि गंभीर गुन्हा आहे. दुकानदाराने तो ‘परदेशी पैदाशीचा’ म्हणून दाखविला तरी घेणाऱ्याने त्या वाटेस जाऊ नये. पेटीतील पिलू कोठून आले याचा पुरावा जेथे कोणाकडेच नसतो, तेथे मागणी वाढली की तिचा भार अखेर समुद्रावरच पडतो. तथापि संशोधनाचे दार बंद नाही. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिप्पोकॅम्पस कुडा या आपल्या जातीची पैदास व पिलांचे संगोपन झालेले आहे. पिलांना कोणते अन्न किती द्यावे, पेटीची पार्श्वभूमी कोणत्या रंगाची असावी, अशा बारकाव्यांचा तेथील शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे.

कुडा जात आपल्या खाड्यांतून आणि उथळ समुद्रातून राहते, आणि मासळीबरोबर अधूनमधून जाळ्यात येते. कोळी आणि गाबीत बांधवांनी जाळे उपसताना ती जिवंत दिसली तर हाताने सोडवून पाण्यात सोडावी. तिच्या अंगावरील अस्थींचे कवच तिला थोडा वेळ तरी तग धरू देते. पोट फुगलेला नर असेल तर तो सोडणाऱ्याने एका प्राण्याबरोबर शेकडो पिले समुद्राला परत केली, आणि त्या पिलांसाठी कोणाला आर्टेमिया उबवीत बसावे लागणार नाही. खाडीतले कोपेपॉड तेथे आधीच हजर आहेत. प्रोजेक्ट सीहॉर्सने ‘आयसीहॉर्स’ नावाची जी नोंदणी चालविली आहे, तीत समुद्रघोडा कोठे, केव्हा आणि कोणत्या तळावर दिसला हे कोणासही कळविता येते. कोकण किनाऱ्यावरच्या शाळा-महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी आपल्या बंदरांपुरते हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.